बोया सरकला, दिवा बदलला: समुद्रावरच्या खुणा बदलतात तेव्हा

समजा, एका बंदराकडे जाणाऱ्या वाटेबद्दल चार ओळींची सूचना निघाली आहे.

"क्रमांक ५ चा हिरवा बोया आधीच्या जागेपासून २२० मीटर नैर्ऋत्येला हलवला आहे. त्याच्या दिव्याची लय दर ५ सेकंदांना एक चमक अशी होती, ती आता दर १० सेकंदांना दोन चमका अशी आहे. दीपगृहाच्या मुख्य दिव्याचा पल्ला २५ सागरी मैलांवरून १८ सागरी मैल केला आहे. क्रमांक ८ चा लाल बोया जागेवर नाही, तात्पुरते."

ही सूचना मी नमुना म्हणून रचली आहे. पण अशा सूचना जगातल्या कुठल्या ना कुठल्या किनाऱ्याबद्दल दर आठवड्याला निघत असतात आणि किनाऱ्यावर राहणाऱ्या बहुतेकांना त्यांचा पत्ताही नसतो. रात्री दोन वाजता, भरतीची वेळ गाठून, तीनशे मीटर लांबीचं जहाज त्या वाटेने आत आणणाऱ्या माणसाला मात्र यातली प्रत्येक ओळ माहीत असावी लागते. एक ओळ जरी नजरेतून सुटली, तरी तो भलत्याच बोयाला आपला बोया समजून वळण घेऊ शकतो. म्हणून या लेखात याच चार ओळी उलगडून बघू.

रंग दिवसा, लय रात्री

बोया म्हणजे साखळीने समुद्राच्या तळाशी जखडलेला, पाण्यावर तरंगणारा पिंपासारखा किंवा मनोऱ्यासारखा सांगाडा. दिवसा तो रंग, आकार आणि डोक्यावरची खूण यांतून बोलतो. रात्री त्याच्याकडे फक्त दिवा उरतो. अंधारात दूरचे सगळे दिवे एकसारखेच ठिपके दिसतात, त्यामुळे त्यांची ओळख पटते ती रंगावरून आणि उघडझापीच्या हिशेबावरून. कुठला दिवा दर ५ सेकंदांना एकदा चमकतो, कुठला दोनदा चमकून थांबतो, कुठला बराच वेळ पेटलेला राहून क्षणभर विझतो, तर कुठल्याचा उजेड आणि अंधार अगदी सारख्या वेळेचा असतो. जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या कक्षात, उभा असलेला अधिकारी हे आजही स्टॉपवॉच हातात घेऊन मोजतो आणि दिव्यांच्या यादीशी ताडून बघतो. उंची, रंग, लय, पल्ला, सगळं त्या यादीत लिहिलेलं असतं.

वाटेच्या दोन कडा लाल आणि हिरव्या बोयांनी दाखवतात. जगाच्या बहुतेक भागात समुद्राकडून बंदराकडे येताना लाल बोये डाव्या हाताला आणि हिरवे उजव्या हाताला ठेवायचे असतात. दोन्ही अमेरिका खंड, जपान, कोरिया आणि फिलिपीन्स इथे हे नेमकं उलटं आहे, तिथे आत येताना लाल उजवीकडे. असं का, त्याची गोष्ट पुढे येईल.

या दोघांखेरीज काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे चार बोये असतात, चार दिशांच्या नावांचे. उत्तरेचा बोया सांगतो की माझ्या उत्तरेकडून जा, धोका माझ्या दक्षिणेला आहे. बाकीच्या तिघांचंही तसंच. यांच्या दिव्यांची लय ठरवणाऱ्याला माझा मनापासून नमस्कार आहे. डोळ्यांसमोर घड्याळाची तबकडी आणा. पूर्वेला तीन वाजतात, म्हणून पूर्वेचा दिवा तीन चमका देतो. दक्षिणेला सहा, म्हणून सहा चमका आणि त्यांच्यानंतर एक लांब चमक. पश्चिमेला नऊ. उत्तरेचा दिवा न थांबता चमकतच राहतो. वादळात, झोपमोड झालेल्या, भिजलेल्या माणसालाही ते आठवावं, इतकं सोपं करून ठेवलं आहे. दक्षिणेच्या सहा चमकांमागे लांब चमक का? भर लाटांमध्ये बोया हेलकावत असताना सहा मोजल्या की नऊ, असा घोटाळा होऊ नये म्हणून.

आता लक्षात येईल की नमुन्यातली 'लय बदलली' ही ओळ किरकोळ नाही. दिव्याची लय म्हणजे त्याचं नाव. ज्याच्याकडे जुनी यादी आहे त्याला दोन चमका देणारा क्रमांक ५ हा कुणी तिऱ्हाईत दिवा वाटेल आणि तो खऱ्या क्रमांक ५ ला अंधारात शोधत पुढे जाईल.

समुद्राचा तळ एका जागी बसत नाही

बोया हलवायचं पहिलं आणि सगळ्यांत जुनं कारण म्हणजे वाळू. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे गाळ येत राहतो, भरती-ओहोटीचा प्रवाह तो ढकलत राहतो, एखादं मोठं वादळ रात्रीत वाळूचा दांडा पुढे सरकवतं. गेल्या वर्षी जिथे बारा मीटर पाणी होतं तिथे यंदा नऊच असू शकतं. मग सर्वेक्षणाची बोट सोनारने, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खोली सांगणाऱ्या यंत्राने, तळ मोजते, खोल पाण्याची रेघ कुठे सरकली ते नकाशावर येतं आणि त्या रेघेमागोमाग बोये सरकवले जातात. गाळाच्या नदीमुखांमध्ये हे काम कधीच संपत नाही.

बाकीची कारणं माणसांनी निर्माण केलेली. जहाजं मोठी झाली की वाट खोल आणि रुंद करावी लागते, मग बोये बाहेरच्या अंगाला जातात. समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहायला लागल्या की बांधकाम चालू असेपर्यंत त्या सगळ्या भागाभोवती बोये लागतात आणि काम संपल्यावर ते उचलून चक्क्यांवरच दिवे बसवले जातात. नवी जेट्टी, केबल, बुडालेलं जहाज, प्रत्येक गोष्टीपायी खुणांची मांडणी बदलते.

आणि मग आपोआप होणारे बदल आहेत, जे कुणीच ठरवलेले नसतात. नमुन्यातला क्रमांक ८ चा बोया असाच गेला. तळाशी काँक्रीटचं किंवा लोखंडाचं जड वजन, त्याला साखळी आणि साखळीच्या वरच्या टोकाला बोया, अशी सगळी रचना असते. साखळी खोलीपेक्षा बरीच लांब ठेवतात, नाहीतर भरतीला आणि लाटांना बोया पाण्याखाली ओढला जाईल किंवा वजनच उचललं जाईल. पण लांब साखळी म्हणजे बोयाला फिरायला मोकळीक. पाणी १५ मीटर खोल असेल आणि साखळी ४५ मीटरची असेल, तर ती पूर्ण ताणली गेल्यावर बोया वजनापासून सुमारे ४२ मीटर बाजूला असू शकतो. भरतीला एका बाजूला, ओहोटीला दुसऱ्या. म्हणून बोयाची नकाशावरची जागा अंदाजे समजायची, जमिनीवरच्या दीपगृहासारखी ठाम नाही, हे नाविकांना पहिल्या धड्यातच शिकवतात.

साखळीचा जो भाग तळाला लागून सतत घासत, आपटत असतो तो सगळ्यांत लवकर झिजतो. काही वर्षांत जाडजूड कडी बोटाएवढी होते आणि एखाद्या वादळात तुटते. बोया वाहून जातो. कधी साखळी तुटत नाही, पण वजनच फरफटतं, आणि बोया दिमाखात लुकलुकत भलत्याच ठिकाणी उभा राहतो. माझ्या दृष्टीने हा दुसरा प्रकार जास्त भयंकर आहे. नसलेला बोया निदान शंका तरी निर्माण करतो. चुकीच्या जागी पेटलेला बोया विश्वास ठेवायला लावतो.

तीन जहाजं, एकच जागा

खुणा आणि त्यांची बातमी यांच्यातलं अंतर किती महाग पडू शकतं, हे १९७१ साली इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या डोव्हरच्या सामुद्रधुनीत दिसलं. ११ जानेवारीला 'टेक्साको कॅरिबियन' हे तेलवाहू जहाज 'पाराकास' नावाच्या मालवाहू जहाजाशी धडकलं, स्फोट झाला आणि ते बुडालं. दुसऱ्याच दिवशी 'ब्रँडेनबर्ग' हे जर्मन जहाज त्याच्या सांगाड्यावर आदळून बुडालं. मग त्या जागेभोवती बोये आणि दिवे लावण्यात आले, रेडिओवरून इशारे दिले गेले. तरीही २७ फेब्रुवारीला 'निकी' हे ग्रीक जहाज त्या खुणांच्या आत शिरलं, सांगाड्यावर आपटलं आणि त्यावरच्या सगळ्यांसह बुडालं. तिन्ही दुर्घटना मिळून ५१ माणसं गेली.

खुणा लावलेल्या असूनही असं का घडलं? त्या काळी जगभरात बोयांच्या तीसहून अधिक वेगवेगळ्या पद्धती वापरात होत्या आणि त्यांतल्या कित्येक एकमेकींच्या थेट विरुद्ध होत्या. एका देशाच्या पाण्यात ज्या खुणेचा अर्थ 'इकडून जा', तिचाच अर्थ शेजारच्या पाण्यात 'इकडे येऊ नका' असा होऊ शकत होता. दमलेल्या अधिकाऱ्याने रात्रीच्या अंधारात, आपण सध्या कुणाच्या पद्धतीत आहोत हे आठवायचं आणि मग दिवा वाचायचा. इतका भार कुणावर टाकूच नये.

दीपगृहं सांभाळणाऱ्या यंत्रणांची 'आयाला' ही संघटना १९५७ पासून अस्तित्वात होती. या दुर्घटनांनंतर तिच्या कामाला वेग आला. १९७६ साली पहिल्या पद्धतीवर सहमती झाली आणि १९७७ पासून ती प्रत्यक्ष समुद्रात उतरायला लागली. पण लाल रंग कुठल्या हाताला, हा वाद सुटेना. युरोपात लाल डावीकडे रुळलेला, अमेरिकेत उजवीकडे. शेवटी नोव्हेंबर १९८० मध्ये टोकियोच्या परिषदेत ५० देशांच्या प्रतिनिधींनी तोडगा मान्य केला: बाकी सगळे नियम जगभर एक, फक्त लाल-हिरव्याच्या बाजूपुरते दोन विभाग, 'अ' आणि 'ब'. आत येताना लाल कुठे, याचं उत्तर दोन भागांत वेगळं आहे ते या तडजोडीमुळे. मला ती तडजोड पराभव वाटत नाही. तीस पद्धतींवरून दोनवर येणं ही मोठी मजल होती, आणि ते दोन विभाग नकाशावर स्पष्ट रेघेने दाखवता येतात.

त्यानंतरचा बदल कागदावर छोटा, पण कामाचा. १४ डिसेंबर २००२ ला 'ट्रायकलर' हे सुमारे २,९०० मोटारी घेऊन निघालेलं जहाज इंग्लिश खाडीत 'करिबा' या जहाजाशी टक्कर होऊन बुडालं. पाणी उथळ, त्यामुळे सांगाडा पृष्ठभागाच्या अगदी खाली आडवा पडलेला. दोनच दिवसांत 'निकोला' त्यावर आदळलं आणि १ जानेवारी २००३ ला 'विकी' हे तेलवाहू जहाज. तीस वर्षांपूर्वीचीच गोष्ट, त्याच परिसरात. तेव्हा ध्यानात आलं की नुकत्याच बुडालेल्या जहाजासाठी, नकाशात नोंद व्हायच्या आधीच्या दिवसांसाठी, नेहमीच्या बोयांहून वेगळी, नजरेत खुपणारी खूण हवी. म्हणून २००६ साली निळ्या आणि पिवळ्या उभ्या पट्ट्यांचा आपत्कालीन बोया आला. त्याचा दिवाही निळा आणि पिवळा आळीपाळीने लागतो, प्रत्येकी एक सेकंद, मध्ये अर्ध्या सेकंदाचा अंधार. समुद्रावर दुसरा कुठलाही दिवा असा दिसत नाही. तो दिसला की नकाशात काय आहे ते विसरा आणि लांब राहा, एवढाच त्याचा निरोप.

पल्ला कमी झाला म्हणजे काय झालं

आता सूचनेतली तिसरी ओळ. दीपगृहाचा पल्ला २५ वरून १८ मैल. अशा सूचना अलीकडच्या काळात वाढल्या आहेत, आणि दर वेळी किनाऱ्यावरच्या लोकांना वाटतं की दिवा दुर्लक्षित झाला. खरं कारण समजून घेण्यासारखं आहे.

दिव्याचा ठरीव पल्ला मोजताना हवेची पारदर्शकता ठरावीक धरतात, म्हणजे दिवसा १० सागरी मैलांपर्यंत दिसावं एवढी. हवा जसजसा उजेड गिळते तसतसा लांबच्या प्रत्येक मैलासाठी दिवा अनेक पटींनी प्रखर करावा लागतो. या मापाने हिशेब केला तर १८ मैलांच्या दिव्याला सुमारे ४९ हजार कँडेला (प्रखरता मोजायचं एकक) पुरतात, तर २५ मैलांसाठी साडेसात लाखांहून जास्त लागतात. पल्ला सात मैलांनी कमी केला की प्रखरता पंधरा-सोळा पटींनी कमी चालते. मग भलामोठा दिवा, त्याची भिंगं, ती फिरवणारी यंत्रणा, जनरेटर, हे सगळं जाऊन एलईडीचा छोटा संच, सौर पाट्या आणि बॅटऱ्या पुरतात. आडबाजूच्या खडकावर, जिथे माणसाला उतरायला हेलिकॉप्टर लागतं, तिथे ही फार मोठी गोष्ट आहे.

भिंगं काढण्यामागे आणखी एक कारण आहे, त्याबद्दल कमी बोललं जातं. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने कड्या-कड्यांचं भिंग बनवलं आणि १८२३ साली ते फ्रान्समधल्या कोर्दुआनच्या दीपगृहावर बसलं. पुढे कित्येक टन वजनाची अशी भिंगं हलक्या हाताने फिरावीत म्हणून ती पाऱ्याने भरलेल्या गोल कुंडात तरंगत ठेवली जाऊ लागली. बोटाने ढकललं तरी फिरत, इतकी हलकी. पण पारा विषारी आहे, त्याची वाफ होते, तो सांडतो. तिथे काम करणाऱ्यांच्या जिवासाठी तो काढायलाच हवा, यात मला शंका नाही.

बदल्यात जे जातं तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. फिरत्या भिंगाचे किरण रात्री आकाशात चक्राच्या आऱ्यांसारखे फिरताना दिसत. एलईडी जागच्या जागी लागतो आणि विझतो, आरे नाहीसे होतात. हे फक्त सौंदर्याचं नुकसान असतं तर सोडून दिलं असतं. पण पृथ्वी गोल असल्यामुळे दिवा किती लांबून थेट दिसेल हे त्याच्या उंचीवर आणि बघणाऱ्याच्या उंचीवर अवलंबून असतं. ३६ मीटर उंचीवरचा दिवा, पाण्यापासून जेमतेम सव्वादोन मीटर उंचीवर डोळे असलेल्या लहान होडीतल्या माणसाला १५-१६ मैलांपलीकडे थेट दिसतच नाही, मग त्याचा पल्ला २५ असो की ५०. त्याला त्यापलीकडे आधार असतो तो क्षितिजाखालून उमटणाऱ्या उजेडाच्या झाकेचा, ढगांच्या पोटाला लागलेल्या त्या फिरत्या पांढुरक्या हाताचा. दिवा मंद झाला की ही झाक नाहीशी होते. मोठ्या जहाजाला रडार आहे, जीपीएस आहे. लहान होडीवाल्याला ती झाक हीच 'घर जवळ आलं' याची पहिली बातमी होती. म्हणून पल्ला कमी करताना छोट्या बोटी चालवणाऱ्यांना विचारणं हा उपचार होऊ नये, असं मला कळकळीने वाटतं.

एलईडीच्या आणखी दोन गोष्टी दिवे बसवणाऱ्यांना काळजीपूर्वक बघाव्या लागतात. पहिली, डोळ्याला अगदी छोटी चमक प्रत्यक्षापेक्षा मंद वाटते. ब्लाँडेल आणि रे या दोन फ्रेंच संशोधकांनी १९११ साली त्याचं सूत्र मांडलं, त्यानुसार ०.२ सेकंदाची चमक तितक्याच प्रखर, स्थिर दिव्याच्या निम्मीच उजळ भासते. म्हणजे बॅटरी वाचवायला चमक फार छोटी केली तर पल्ला नकळत घटतो. दुसरी, जुन्या दिव्यासमोर लाल काच लावली की लाल उजेड मिळे. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात लाल भाग कमी असतो, त्यामुळे तीच काच बराचसा प्रकाश अडवते. तिथे मुळातच लाल रंगाचे एलईडी वापरावे लागतात.

हा लाल उजेड काही ठिकाणी कोनाच्या हिशेबाने टाकलेला असतो. एकाच दिव्याचा पांढरा पट्टा सुरक्षित वाटेवर, लाल एका बाजूच्या धोक्यावर, हिरवा दुसऱ्या बाजूवर. पांढऱ्यातून चाललात तोवर ठीक, रंग बदलला की वळा. अशा दिव्याचा कोन फक्त २ अंशांनी सरकला तर १० सागरी मैलांवर त्याची कड सुमारे ६५० मीटर सरकते. सूचनेत 'लाल क्षेत्राची कड २ अंशांनी बदलली' एवढंच छापलेलं असतं. समुद्रावर ते अर्ध्या किलोमीटरहून जास्त असतं.

दिव्यांच्या इतिहासातल्या एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. स्वीडनच्या गुस्ताफ डालेन यांनी विजेविना, ॲसिटिलीन वायूवर चालणारे दिवे माणसाच्या मदतीशिवाय चालवायची युक्ती काढली. त्यांच्या 'सूर्यझडपे'त एक काळा दांडा आणि काही चकचकीत दांडे असत. दिवसाच्या उजेडात काळा दांडा जास्त प्रकाश शोषून किंचित लांबत असे आणि वायूची वाट बंद होत असे. अंधार पडला की तो आखडे आणि दिवा पेटे. १९१२ साली त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी ॲसिटिलीनच्या प्रयोगात स्फोट होऊन त्यांची दृष्टी गेली होती. निर्जन खडकांवरचे आणि बोयांवरचे दिवे स्वतःहून चालू लागले ते त्यांच्यामुळे, आणि दीपगृहांतून माणसं काढून घेण्याची लांब प्रक्रियाही तिथूनच सुरू झाली.

आणखी एक बदल शहरांमुळे होतो आहे. बंदरामागे दिव्यांची भिंत उभी राहिली की बोयाचा लुकलुकता ठिपका त्यात विरघळून जातो. यावर एक सुरेख उपाय म्हणजे वाटेवरचे सगळे बोये उपग्रहाच्या घड्याळाशी जुळवून एकाच क्षणी चमकवणं. मागच्या हजार दिव्यांमधून दोन समांतर रांगा एकदम उजळतात आणि वाट धावपट्टीसारखी उमटते.

बातमीचा प्रवास

खूण बदलणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे ती बातमी प्रत्येक जहाजापर्यंत नेणं, आणि मला हा भाग जास्त नाजूक वाटतो, कारण बोया एका जागी असतो आणि वाचणारे जगभर विखुरलेले असतात.

ठरवून करायचा बदल असेल तर आधी पायलट (जहाज बंदरात आणणारे वाटाडे), बंदरं, जहाज कंपन्या, मच्छीमार यांना विचारतात. मग आगाऊ सूचना निघते: अमुक तारखेच्या सुमारास असं होणार आहे. प्रत्यक्ष बदल झाला की कायमची सूचना. बदल थोड्या दिवसांचा असेल, जसा आपला हरवलेला क्रमांक ८, तर तात्पुरती सूचना. या सगळ्या सूचना जलसर्वेक्षण कार्यालयं नियमित पुस्तिकेच्या रूपात काढतात.

अचानक घडलेलं पुस्तिकेची वाट बघू शकत नाही. त्यासाठी सगळे समुद्र २१ विभागांत वाटले आहेत आणि प्रत्येक विभागाचा एक देश समन्वयक आहे. लांब पल्ल्याचे इशारे उपग्रहावरून जातात. किनाऱ्याजवळ नॅव्हटेक्स नावाची व्यवस्था ५१८ किलोहर्ट्झवर चालते. ब्रिजवरचं छोटं यंत्र आपोआप संदेश टिपून छापतं किंवा पडद्यावर दाखवतं: अमुक बोया विझलेला, तमुक बोया जागेवर नाही. बंदराच्या हद्दीतल्या बारीकसारीक गोष्टी स्थानिक रेडिओवर सांगतात.

मग ती बातमी नकाशात उतरते. कागदी नकाशावर कायमची दुरुस्ती जांभळट शाईने करतात, सूचनेचा क्रमांक खालच्या डाव्या कोपऱ्यात लिहितात, आणि तात्पुरती दुरुस्ती पेन्सिलीने, कारण ती पुढे खोडायची असते. एका मोठ्या जहाजावर शेकडो नकाशे असत आणि दुसऱ्या अधिकाऱ्याच्या (सेकंड ऑफिसरच्या) कित्येक दुपारी या कामात जात. २०१२ ते २०१८ या काळात टप्प्याटप्प्याने मोठ्या जहाजांवर एक्डिस ही इलेक्ट्रॉनिक नकाशाची यंत्रणा सक्तीची झाली आणि दुरुस्त्या फाईलमधून यायला लागल्या. काम सोपं झालं. पण तात्पुरत्या आणि आगाऊ सूचना सगळ्याच देशांच्या इलेक्ट्रॉनिक नकाशात येतात असं नाही. पडद्यावर बोया दिसतो म्हणून तो पाण्यात आहेच, असं धरून चालणारा अधिकारी इथे फसतो. पेन्सिलीची सवय गेली, पेन्सिलीचं काम उरलंच आहे.

हे सगळं कुणाच्या मर्जीवर सोडलेलं नाही. समुद्रावरच्या जीवितसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार, ज्याला सोलास म्हणतात, त्याच्या पाचव्या प्रकरणात सरकारांनी वाहतूक आणि धोका यांच्या प्रमाणात खुणा पुरवायच्या आणि त्यांची माहिती सगळ्यांना द्यायची, असं लिहिलेलं आहे. त्याच प्रकरणात जहाजाने नकाशे अद्ययावत ठेवायचे हेही आहे. आयालाच्या मोजपट्टीत सर्वांत महत्त्वाच्या खुणा ९९.८ टक्के वेळ चालू असाव्यात, त्याखालच्या ९९ टक्के आणि तिसऱ्या दर्जाच्या ९७ टक्के. ९९.८ चांगलं वाटतं, पण त्यातून वर्षाला साडेसतरा तास उरतात. त्या तासांसाठीच ही सगळी बातम्यांची साखळी आहे.

नसलेला बोया पडद्यावर

आता काही खुणा पाण्यात नसतातच. जहाजांची ओळख रेडिओवरून सांगणारी एआयएस यंत्रणा बोयांसाठीही वापरतात. बोयावर यंत्र बसवलं तर तो स्वतः आपली जागा प्रसारित करतो, साखळी तुटून वाहू लागला तर किनाऱ्यावर लगेच कळतं. किंवा किनाऱ्यावरूनच 'इथे बोया आहे' असा संदेश पाठवतात आणि रिकाम्या पाण्यावर जहाजाच्या पडद्यावर खूण उमटते. जहाज बुडालं तर काही मिनिटांत अशी आभासी खूण लावता येते, बोट घेऊन बोया टाकायला कित्येक तास लागतात. हा फायदा निर्विवाद आहे.

पण आभासी खूण ज्याच्याकडे तो पडदा नाही त्याला दिसत नाही, आणि उपग्रहाचे संकेत अडवणं किंवा खोटे पाठवणं आता अवघड राहिलेलं नाही. जीपीएस गोंधळला की जहाज पडद्यावर सुरक्षित पाण्यात असतं आणि प्रत्यक्षात खडकाकडे. त्या वेळी खिडकीबाहेर दिसणारा, तळाशी साखळीने बांधलेला खरा दिवा हाच एकमेव साक्षीदार. म्हणून आभासी खुणा खऱ्यांच्या सोबतीला असाव्यात, त्यांच्या जागी सरसकट नकोत, अशी माझी ठाम भूमिका आहे. दिवे कमी करण्याचे प्रस्ताव येतात तेव्हा 'आता सगळ्यांकडे जीपीएस आहे' हे कारण एकटं पुरेसं मानू नये.

ज्याच्या लक्षात आधी येतं त्याने सांगायचं, हीही या व्यवस्थेची एक कडी आहे. विझलेला दिवा, सरकलेला बोया दिसला की जवळच्या किनारी केंद्राला रेडिओवरून कळवतात: कुठला बोया, किती वाजता, काय दिसलं. क्रमांक ८ हरवल्याचंही कदाचित असंच एखाद्या मच्छीमाराने पहाटे कळवलं असेल. मग इशारा निघाला, तात्पुरती सूचना निघाली, आणि कुठल्याशा जहाजावर कुणीतरी नकाशातल्या त्या लाल बोयाभोवती पेन्सिलीने गोल काढला. काही आठवड्यांनी बोया टाकणारी बोट येईल, नवं वजन आणि नवी साखळी सोडेल, जागा मोजून घेईल, दिव्याची लय घड्याळ लावून तपासेल. सूचना रद्द झाल्याची एक ओळ निघेल, आणि तो अधिकारी खोडरबर घेऊन गोल पुसून टाकेल.